मुलगी जायला नाही म्हणते आणि जाब मला द्यावा लागतोय

सदाफुली_८४ (धागाकर्ती)

इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लांबण लागणार आहे.

घटस्फोटाची केस चालू आहे, तीन वर्षं होत आली. मुलगी साडेसात वर्षांची. इंटरिम (तात्पुरता) ताबा माझ्याकडे, तिच्या वडिलांना पहिला आणि तिसरा शनिवार ११ ते ५ ॲक्सेस (भेट) आणि बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. सुरवातीचे सहा महिने भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीत व्हायची, समुपदेशक मॅडम तिथेच बसलेल्या, रजिस्टरात आत किती वाजता आणि बाहेर किती वाजता, खाली दोघांच्या सह्या. मग मॅडमचा रिपोर्ट चांगला गेला आणि बाहेर न्यायची परवानगी मिळाली. अगदी छान चाललं होतं असं नाही म्हणणार पण चाललं होतं.

गेले तीन महिने शनिवार आला की हिची नाटकं सुरू. नाटकं हा शब्द चुकीचा आहे, सॉरी. रडत नाही, ओरडत नाही, फक्त बूट उलटे घालते. डावा उजव्यात. काढायला लावले की काढते आणि परत उलटेच घालते, तेही इतक्या सावकाश की खाली गाडी येऊन हॉर्न वाजायला लागतो. मग म्हणते मला नाही जायचं. का विचारलं तर खांदे उडवते. दोनदा मी मेसेज टाकला की ती नाही म्हणतेय, मी जबरदस्ती करणार नाही. तिसऱ्या वेळी ते आलेच नाहीत, त्यांच्या वकिलांचा अर्ज आला. मी ऑर्डर पाळत नाही, मुलीचे कान भरते, सबब ताबा बदलून द्यावा.

तारखेला जज मॅडमनी माझ्या वकिलांना थांबवून मलाच विचारलं, "शाळेत जायचं नाही म्हणाली तर काय करता?" मी म्हटलं पाठवते. "मग?" एवढंच. पुढे काही बोलल्या नाहीत, लिहायला लागल्या. ऑर्डर अशी की समुपदेशकांनी मुलीशी बोलायचं, दोघांच्याही घरी जाऊन यायचं, रिपोर्ट द्यायचा, तोवर भेटी परत त्या खोलीत, आणि मुलीचा पासपोर्ट कोर्टात जमा करायचा (माझा भाऊ परदेशात असतो म्हणून म्हणे मी तिला घेऊन पळेन).

सात महिने मेंटेनन्स थकला होता तेव्हा त्यांच्या घरी कोणी बघायला गेलं नाही. आता माझ्या घरात येऊन कोणीतरी परकी बाई कपाटं बघणार. दोन प्रश्न आहेत. एक, घरात येऊन बघायचा कोर्टाला अधिकार असतो का. दोन, एवढ्यावरून खरंच ताबा जाऊ शकतो का.

बिनधास्त_बंड्या

पाठवूच नका. मुलगी नाही म्हणते ना, विषय संपला. कोर्ट काय पोलीस पाठवणारे का.

काळा_कोट

@बंड्या, कृपा करून असले सल्ले देऊ नका, तुमचं काही जात नाही, त्यांचा ताबा जाईल.

धागाकर्ती, मी वकील आहे, फॅमिली कोर्टातच असतो. इथे लिहितोय तो सल्ला समजू नका, तुमच्या वकिलांशी बोला. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. फॅमिली कोर्ट कायदा १९८४ चं कलम १२ म्हणतं की कोर्ट डॉक्टर, समाजकल्याणातले जाणकार, कोणाचीही मदत घेऊ शकतं, आणि कलम ६ खाली समुपदेशक कोर्टाचेच असतात. होम व्हिजिट म्हणजे झडती नाही हो, कपाटं कोणी बघत नाही. ऑर्डर दोघांच्या घरांची आहे हेही लक्षात घ्या. पहिल्याच तारखेला ताबा बदलला नाही, आधी बघून या म्हणाल्या, हे तुमच्या विरोधात गेलेलं मी तरी मानणार नाही.

दुसरा प्रश्न. ताब्याची कुठलीच ऑर्डर शेवटची नसते, हे लोकांना माहीत नसतं. हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम २६ बघा, कोर्ट केस चालू असताना आणि डिक्री (अंतिम निकाल) झाल्यावरसुद्धा अशी ऑर्डर बदलू शकतं, फिरवू शकतं, थांबवू शकतं. सुप्रीम कोर्टाने रोझी जेकबच्या केसमध्ये १९७३ मध्येच सांगून ठेवलंय की मूल ही आईबापाची मालमत्ता नाही आणि खेळणंही नाही, परिस्थिती बदलली की ताब्याची ऑर्डर बदलता येते. म्हणून कोर्टाची नजर सुटत नाही. पैशाच्या दाव्यात निकाल लागला की फाईल बंद. इथे मूल १८ चं होईपर्यंत फाईल कधीही उघडू शकते.

दोन भेटी चुकल्या म्हणून ताबा गेला असं सहसा होत नाही. पण महिनोन् महिने चुकवल्या आणि मूल पढवल्यासारखं बोलायला लागलं तर मात्र जज लोक फार वेगळ्या नजरेने बघतात. विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग, २०१७, त्यात मुलगी अगदी लहानपणापासून वडिलांकडे होती तरी सुप्रीम कोर्टाने ताबा आईकडे दिला, आणि एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणं यावर त्यात लिहिलंय. तिथे आई वंचित होती, तुमच्या केसमध्ये बाजू उलटी आहे, लागू तेच होतं.

आणि मेंटेनन्स थकला म्हणून भेट द्यायची नाही, किंवा भेट मिळत नाही म्हणून पैसे द्यायचे नाहीत, हे दोन्ही कोर्टात चालत नाही. रस्ते वेगळे आहेत. थकबाकीची दरखास्त (वसुलीचा अर्ज) लावा. मुलीच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा अर्ज असेल तर त्याच कलम २६ मध्ये लिहिलंय की नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. 'शक्यतो' या शब्दावर आमचं पोट चालतं ते सोडा.

तोपर्यंत सगळं लिहून ठेवा. तारीख, वेळ, कोण आलं, काय झालं. कोर्टात लिहिलेलं टिकतं.

सदाफुली_८४

धन्यवाद वकीलसाहेब. लिहून ठेवतेच, माझ्या वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. निळी वही आहे, दोनशे पानी, दुसरी चालू आहे. ती पाच वाजता आली की मी शांतपणे सगळं विचारून घेते, कुठे गेलात, कोण कोण होतं, बाबा काय म्हणाले, आजी माझ्याबद्दल काय म्हणाली, आणि तिच्याच शब्दांत लिहिते. बारीकसारीक पण.

पण मूळ मुद्दा राहिलाच. नवराबायको एकत्र राहतात तेव्हा घरात काय वाट्टेल ते चालू दे, कोणी येत नाही बघायला. आम्ही वेगळे झालो की लगेच आम्हाला पालकत्वाची परीक्षा. हे बरोबर आहे का?

गोगलगाय

+१. शेजारच्या घरात रोज भांडी आपटतात, त्यांच्या मुलाला कोणी विचारत नाही तू कसा आहेस.

काळा_कोट

@सदाफुली, पण कोर्टाला बोलावलं कोणी? तुम्ही दोघांनी. दोन पालकांचं एकमत होत नाही म्हटल्यावर तिसऱ्याने ठरवायचं, आणि न बघता कसं ठरवणार.

शनिवारचा_बाबा

मी दुसऱ्या बाजूचा आहे. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, ताई राग मानू नका.

दोन वर्षं मी त्या खोलीत बसतोय. भिंतीवर कोणे एके काळी काढलेला जिराफ आहे, त्याची मान खिडकीच्या एसीने कापली गेलीय. एक ट्रेनचं पझल आहे, चोवीस तुकड्यांचं, इंजिनाच्या चिमणीचा तुकडा हरवलाय. मी आणि माझा मुलगा दर वेळी ते लावतो, तेवीस तुकडे लावतो आणि मग तो चिमणीच्या जागी बोट ठेवतो आणि झुक झुक म्हणतो. शेजारी अजून तीन बाप, एक आई, त्यांची मुलं, एक आजोबा. मधे टेबल टाकून समुपदेशक बसलेले, हातात दुसऱ्याच कोणाची तरी फाईल. एक तास. अशा खोलीत बाप व्हायचं असतं.

आणि हे ज्या दिवशी मुलगा येतो त्या दिवशी. 'ताप आहे', 'परीक्षा आहे', 'झोपलाय', असे अकरा मेसेज माझ्याकडे आहेत. रजिस्टरात मी एकटाच सही करतो आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहितात 'अपत्य आणले नाही'. अपत्य! मग अर्ज करा, मग समोरच्याचा से (लेखी उत्तर) यायचा, से यायला तीन तारखा, तोवर मूल चार महिन्यांनी मोठं. पालक आणि पाल्य कायदा १८९० चा आहे, कलम ४५ काढून वाचा. कोर्टाने सांगून मूल हजर केलं नाही तर दंड किती माहितीये? जास्तीत जास्त १०० रुपये. पुढे रोजचे १० रुपये, एकूण ५०० च्या वर नाही. इंग्रजांच्या वेळी हा आकडा दणका असेल. आता याहून महाग फुगे मी त्याच्या वाढदिवसाला आणले होते, जे फुगवलेच नाहीत.

तुम्हाला वाटतंय कोर्ट तुमच्यावर फार नजर ठेवतंय. आम्हाला वाटतं कोर्ट कागदाशिवाय कशावरच नजर ठेवत नाही.

काळा_कोट

कलम बरोबर सांगितलंत, पण अर्धं. त्याच कलमात पुढे दिवाणी कैदेची तरतूद आहे, मूल हजर करायची हमी देईपर्यंत. शिवाय कोर्टाच्या अवमानाचा मार्ग आहे. पण खरं सांगू का, आईला किंवा बापाला आत टाकून त्या मुलाला भेटीला न्यायचं, हे कुठल्या जजला आवडेल? म्हणून ते टाळत राहतात आणि दुसरा पालक तारखा मोजत राहतो. तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही.

चुकलेल्या भेटींची भरपाई मागा, सुट्टीतले दिवस वाढवून मागा, ओव्हरनाईट मागा. अवमानापेक्षा हे लवकर पदरात पडतं. आणि व्हिडिओ कॉल नसेल तर तोही मागा. यशिता साहूच्या केसमध्ये २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की ताबा एकाकडे असला तरी मुलाला दुसऱ्याचा सहवास मिळायला हवा, आणि भेट शक्य नसेल तिथे फोनवर, व्हिडिओवर रोजचं थोडं बोलणं तरी.

सदाफुली_८४

@शनिवारचा_बाबा, राग नाही मानला, पण सगळ्या आया खोटे ताप काढत नाहीत एवढंच म्हणेन. जिराफाचं वाचून कसंतरी झालं. आमच्या कोर्टात हत्ती आहे.

मनीमाऊ२

अवांतर नाही पण वेगळी बाजू. त्या खोलीला सगळे नावं ठेवतायत म्हणून. माझ्या केसमध्ये मारहाण होती, माझ्यावर आणि एकदा मुलावरही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम २१, त्यात मॅजिस्ट्रेट तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेटीने मुलाला इजा होईल असं वाटलं तर भेट नाकारू पण शकतात. आमच्याकडे आधी नाकारली, मग वर्षाने समुपदेशकासमोर सुरू केली. त्या खोलीत दाराशी शिपाई बसलेला असायचा म्हणून मी मुलाला आत सोडू शकले. नजर नसती तर मी मेले असते पण पाठवलं नसतं. आता तो दहाचा आहे, स्वतःहून विचारतो बाबांना कधी भेटायचं. मला आवडतं असं नाही. पण विचारतो.

बिनधास्त_बंड्या

बाकी काही असो, पाच वर्षांपर्यंत मूल आईचंच आणि त्यानंतर बापाचं, कायदाच आहे तसा. साडेसात म्हणजे तसंही वडिलांकडे जाणार.

काळा_कोट

नाही हो. हिंदू पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्याचं कलम ६ सांगतं की पाच वर्षांखालचं मूल 'सर्वसाधारणपणे' आईकडे. पाचव्या वाढदिवसाला पार्सल बदलायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याच कायद्याचं कलम १३ वाचा, मुलाचं हित सगळ्यात वर. आणि 'आधी बाप, त्याच्यानंतर आई' या ओळीचा अर्थ बापाच्या मरणानंतरच असा लावायचा नाही, हे गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या केसमध्ये १९९९ लाच ठरलंय. बंड्याभाऊ, तुम्ही पॉपकॉर्न घेऊन बसा.

गोगलगाय

मग सरळ जॉइंट कस्टडी का देत नाहीत? आठवडा इकडे आठवडा तिकडे. भांडणच नको आणि नजर पण नको.

काळा_कोट

विधी आयोगाचा २५७ वा अहवाल आहे, मे २०१५ चा, त्यात संयुक्त ताब्याचा विचार करा असं सुचवलंय. कायदा काही झालेला नाही, कोर्टं आपापल्या परीने देतात, बहुतेक वेळा दोघांची संमती असली तर. आणि नजर कमी होईल हा भ्रम आहे. आठवडा-आठवडा केलं तर दप्तर कुठल्या घरी राहिलं यावरून अर्ज येतील. आलेले आहेत.

पारावरची_मावशी

मी बावीस वर्षं समुपदेशक होते, आता निवृत्त. सदाफुली, तुझ्यापेक्षा बरीच मोठी असणार म्हणून अगं म्हणते.

आम्ही घरी गेलो की काय बघतो ते सांगते म्हणजे तुझी भीती जाईल. घर केवढं आहे ते नाही बघत. एका खोलीत राहणाऱ्यांना मी उत्तम रिपोर्ट दिलेत. मूल अभ्यासाला कुठे बसतं, त्याची वस्तू त्याला न विचारता सापडते का, शाळेतल्या बाईंचं नाव पालकाला माहीत आहे का. आणि मी मुलाला प्रश्न विचारला की उत्तर द्यायच्या आधी ते कोणाकडे बघतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. काही मुलं आधी दाराकडे बघतात, आई ऐकतेय का म्हणून.

दुसरं म्हणजे शब्द. सात वर्षांचं मूल 'माझे वडील बेजबाबदार आहेत' म्हणालं की मी पेन खाली ठेवायची. ते वाक्य त्याचं नसतं. 'बाबा मोबाईल बघत बसतो' म्हणालं तर ते त्याचं. मुलांच्या तोंडी मेंटेनन्स, तारीख, ऑर्डर हे शब्द आले की दोन्ही घरांना मी वेगवेगळं बोलवून झापायचे.

आणि काय दिसत नाही तेही सांगते. भेटीच्या आधीची आणि नंतरची दहा मिनिटं. गाडीत काय बोलणं होतं, दार उघडल्यावर पहिला प्रश्न काय येतो. त्या दहा मिनिटांवर कुठल्याच कोर्टाची नजर पोचत नाही, आणि मूल जायला का नाही म्हणतं याचं उत्तर कितीतरी वेळा मला तिथेच सापडलंय. तिकडच्या सहा तासांत नाही.

तुझ्या निळ्या वहीबद्दल विचारायचंय. ती लिहितेस तेव्हा मुलगी कुठे असते?

सदाफुली_८४

समोरच बसलेली असते. तिलाच विचारून लिहिते ना. दूध पिता पिता सांगते.

आधी भडाभडा सांगायची. आता एका शब्दात.

काळा_कोट

मावशी, वही ठेवा असं मी पण वर म्हणालोय. आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. पुरावा लागतो हो, नुसत्या शब्दावर कोर्ट कसं चालेल.

पारावरची_मावशी

वकीलसाहेब, वही ठेवा, पण गाडी कधी आली आणि कधी गेली एवढीच ठेवा. त्याचा साक्षीदार पालक स्वतः असतो. मूल काय म्हणालं याची वही ठेवली की साक्षीदार मूल होतं.

चिंचोका

लॉगिन करायला पासवर्ड रीसेट करावा लागला, चार वर्षांनी लिहितोय. मी ते मूल आहे. म्हणजे होतो. आता सत्तावीस.

माझे दोन रविवार असायचे महिन्यात. आई वही नाही ठेवायची, ती फोनवर मावशीला सांगायची, मी दुसऱ्या खोलीत. बाबा तर उघड विचारायचे, घरी कोण कोण येतं रे, असं नाही, असं: "काय मग, पाहुणे वगैरे?" मला आठव्या वर्षी कळत होतं की पाहुणे म्हणजे काय विचारतायत. आणि मी दोन्हीकडे जे ऐकायचंय ते सांगायचो. इकडे आलो की तिकडे कंटाळा आला, तिकडे गेलो की इकडे ओरडतात. दोन्ही खोटं. तिकडे मला पतंग उडवता यायचा, इकडे माझी सायकल होती. दोन्हीकडे बरं चाललेलं असं खरं सांगितलं असतं तर दोघंही नाराज झाले असते.

पुढे आईने तेच वाक्य कोर्टात वापरलं. 'मुलगा स्वतः सांगतो की तिथे त्याला कंटाळा येतो.' बाबांनी उन्हाळ्यात मला ते विचारलं, चिडून नाही, असंच, की तुला खरंच कंटाळा येतो का रे माझ्याकडे. त्यानंतर मी सहा महिने जायला नको म्हणायला लागलो. कारण विचारलं तर सांगता यायचं नाही. काय सांगणार, मी बोललो की ते कुठेतरी जाऊन छापून येतं?

जजसाहेबांनी चेंबरमध्ये बोलावलं होतं एकदा, नऊ वर्षांचा असताना. चांगले होते, टेबलावरचा पेपरवेट हातात दिला खेळायला. कोणाकडे राहायचंय विचारलं. मी म्हणालो शाळेत. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मनीमाऊ२

😢

काळा_कोट

चिंचोका, धन्यवाद लिहिल्याबद्दल. कायद्यात आहे की मूल समजून उमजून आवड सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ 'शकतं', कलम १७ पोटकलम ३, तोच १८९० चा कायदा. वय लिहिलेलं नाही. काही जज फार सुंदर बोलतात मुलांशी. काही थेट कोणाकडे राहायचंय विचारतात, आणि तो प्रश्न मोठ्या माणसालासुद्धा विचारू नये असा आहे.

शनिवारचा_बाबा

मी गाडीत विचारतो. म्हणजे जेव्हा गाडीतून न्यायला मिळायचं तेव्हा विचारायचो. आई काय म्हणते माझ्याबद्दल. उगाच आठवलं आता.

गोगलगाय

धागा कुठून कुठे गेला.

सदाफुली_८४

सोळा दिवसांनी अपडेट देतेय, विपुत (विचारपुशीत) बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून.

मध्ये काही लिहिलं नाही कारण मला राग आला होता. मावशींचा, चिंचोकाचा, सगळ्यांचा. दोन रात्री वही काढून वाचत बसले. पहिल्या वहीत पानंच्या पानं आहेत. "बाबाने मला उंच झोका दिला आणि मी किंचाळले पण मज्जेत किंचाळले." मी त्यातलं 'किंचाळले' अधोरेखित केलंय लाल पेनाने. पुढचं 'मज्जेत' नाही केलं. माझ्याच हाताने. ते पान अर्जाला जोडायचं का यावर आमची वकिलांशी चर्चा पण झाली होती. जोडलं नाही, पण चर्चा झाली.

होम व्हिजिट झाली. बाई वीस-पंचवीस मिनिटं होत्या, कपाट वगैरे काही नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. मुलीला म्हणाल्या तुझी चित्रं दाखव. आतल्या खोलीत दोघीच होत्या. मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांड्यांचा आवाज करत राहिले, म्हणजे मी ऐकत नाहीये हे तिला कळावं. जाताना बाई दारात म्हणाल्या, "तिने विचारलं, तुम्ही पण लिहिणार का." बस एवढंच म्हणाल्या आणि चप्पल घातली.

त्यांच्या घरी पण जाऊन आल्या. तिकडे काय झालं मला माहीत नाही. रिपोर्ट अजून वाचायला मिळालेला नाही, बंद लिफाफ्यात गेलाय.

पहिल्या शनिवारी त्या हत्तीच्या खोलीत भेट झाली, मी बाहेर बाकावर. ती बाहेर आली तेव्हा मी रिक्षात काही विचारलं नाही. फार अवघड गेलं, खोटं कशाला बोलू, जिभेवर आलेलं तीनदा गिळलं. घरी आल्यावर ती खुर्चीत बसून राहिली दूध घेऊन, वहीची वाट बघत. मी वही काढत नाही बघून म्हणाली, "आज नाही का?" मी म्हटलं नाही, आता नाही लिहायची. ती म्हणाली "बरं", आणि टीव्ही लावला. मला वाटलं होतं काहीतरी बोलेल. नाही बोलली. मिठी वगैरे काही नाही.

थकबाकीची दरखास्त टाकलीय. सात महिन्यांचे पैसे मी सोडणार नाही, ते तिचे आहेत. चुकलेल्या दोन भेटी भरून देते अशी पर्सिस (कोर्टाला लेखी निवेदन) पण दिली, माझे वकील नाराज आहेत, म्हणतात कबुली दिल्यासारखं झालं. असू दे. मिळालेल्या भेटीत त्यांनी तिला काय विचारावं यावर माझा ताबा नाही, आणि हे लिहितानाही आतून राग येतोय, त्यांना कोणी सांगणार आहे का वही बंद करा म्हणून? त्यांची वही कुठली आहे मला माहीत आहे, त्यांच्या आईचा फोन.

दोन्ही अर्ज पुढच्या तारखेला बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) आहेत. बूट अजून उलटेच घालते. काल एकदाच घातले.

पारावरची_मावशी

त्यांना कोर्टच सांगेल. नाही सांगितलं तर तू सांगू नकोस. वही फाडू नकोस मात्र, ठेवून दे वर कुठेतरी.

शनिवारचा_बाबा

ताई, त्या भरपाईच्या भेटींची पर्सिस कशी लिहिलीत, मजकूर विपुत टाकाल का? म्हणजे समोरच्या बाजूला देऊन बघतो, अशी देता येते म्हणून.

काळा_कोट

मजकूर टाकताना नावं, केस नंबर काढून टाका, फॅमिली कोर्टाची कामं इन कॅमेरा (बंद दाराआड) चालू शकतात. आणि धागाकर्ती, पासपोर्ट जमा केलात त्याची पोच घेतली का?

सदाफुली_८४

नाही घेतली. घ्यायची असते?

काळा_कोट

उद्याच जा.